फाटकाबाहेर गाडी बंद करा

सुलभावैनी, मेस्त्रींचे शेजारी, आणि आपल्या क्रूझर मोटरसायकल ग्रुपमधल्या मित्रांनो,

मेस्त्रींच्या शोकसभेत मला बोलायला उठवलंत. उठू नये असं वाटत होतं. सकाळपासून चारदा ठरवलं, घसा बसलाय म्हणून सांगायचं. पण घसा बसलेला नाही. ज्या माणसाशी मी खोटं वागलो, त्याच्याच अंगणात, त्याच्याच गॅरेजपुढे माईक धरून उभं राहायचं, हे जड जातंय.

माझ्या आधी चौघे बोलले. दत्तामेस्त्री म्हणजे कानाचा जादूगार. दत्तामेस्त्री म्हणजे आपलं दैवत. छान बोललात. मी एवढंच विचारतो, गेल्या दहा महिन्यांत या दैवताच्या दारात कोण आलं होतं? हात वर करू नका. कोणी नाही. आज मात्र अंगणात गाड्या मावत नाहीत. आणि हा फ्लेक्स बघा. ग्रुपचं चिन्ह केवढं, आणि मेस्त्रींचा फोटो केवढा!

का आलं नाही कोणी? माझ्यामुळे. तेच आज सांगायचंय.

फाटकाच्या चिऱ्याच्या खांबावर पाटी आहे. 'फाटकाबाहेर गाडी बंद करा. ढकलत आत आणा.' नव्या माणसाला राग यायचा. एवढी जड गाडी, त्यात हा चढ, आणि ढकलायची? मेस्त्री म्हणायचे, "माझ्या कानात एका वेळी एकच गाडी मावते रे बाबा. हिचं ऐकतोय ना मी? मग तू गप ऱ्हा." साहेबाची असो की मासेवाल्याची, गाडी ढकलतच यायची.

माझी क्रूझर जुनी. मला आवाज हवा होता. नाक्यावरच्या माणसांनी मान वळवून बघितलं पाहिजे, एवढीच माझी अक्कल. मुंबईहून मोकळा सायलेन्सर आणला, मोठा कार्बोरेटर आणला, मेस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी दोन्ही बसवलं. एक फेरी मारून आले, प्लग काढला आणि माझ्यापुढे धरला. टोक पांढरंफटक.

"बघितलास? बिस्किटासारखा रंग हवा. पांढरा म्हणजे आत पेट्रोल कमी पडतंय, नुसती हवा जातेय. सायलेन्सर मोकळा केलास, आता ती दम जास्त टाकणार. मग खायला पण जास्त नको? कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा लागेल. मागवलाय मी, बुधवारी येतोय. तवर बाजारापर्यंत फिरव. घाट चढायचा नाही, इंजिन तापून जाम होईल. काय समजलास?"

समजलो होतो. अगदी नीट समजलो होतो.

पण रविवारी आपली आंबा घाटाची राइड होती. मला तुम्हाला आवाज ऐकवायचा होता. अर्ध्या घाटात इंजिन जाम झालं. तुम्ही सगळे भोवती जमलात. कोणीतरी विचारलं, काय झालं रे विनय? आणि मी म्हणालो, "मेस्त्रींनी कार्बोरेटरची वाट लावली."

खरं बोलायला काय लागलं असतं? थोडी लाज वाटली असती. ती मी वाचवली. माझं वाक्य घाटातूनच ग्रुपवर गेलं, आणि सोमवारपर्यंत रत्नागिरीभर झालं.

सोमवारी मी दुसऱ्याची गाडी घेऊन इथे आलो. पाटी दिसत होती. चालू गाडी तशीच आत घातली. गिऱ्हाइकांसमोर मेस्त्रींना वाट्टेल ते बोललो. ते हातातला पाना खाली ठेवून उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घाट चढलास?"

मी पाठ फिरवली. गाडीला किक मारली आणि गेलो.

पुढे इंजिन कोल्हापूरला उघडलं. तिथल्या मेस्त्रीने पिस्टन हातात घेतला आणि विचारलं, "जेट मोठा करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं?" तिथेही मी नाही म्हणालो.

आणि तुम्ही? इतकी वर्षं ज्याने तुमच्या गाड्या जपल्या, त्याला एकाने तरी विचारलंत, मेस्त्री, खरं काय झालं? माझं एक वाक्य तुम्हाला पुरलं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा हा माणूस शेवटी स्कूटरची पंक्चरं काढत बसला. म्हणे हृदयविकाराने गेले. असेल. डॉक्टरांना तेवढंच दिसतं.

मध्ये मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात एकदा समोरासमोर आलो. त्यांच्या पिशवीत बांगडे होते. "गाडी कशी आहे रे?" म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारलं. मी "बरी आहे" म्हणालो आणि सुरमईचा भाव करायला लागलो. मला सुरमई घ्यायचीच नव्हती.

परवा वैनींनी बोलावून ही पुडी दिली. वर माझं नाव आहे, मेस्त्रींच्या अक्षरात. आत जेट आहे, शर्टाच्या बटणाहून लहान. तो सांगितल्याप्रमाणे बुधवारीच आला होता. वैनी म्हणाल्या, "ह्यांनी फळीवरून कोणाला हलवू नाही दिलंनी. म्हणायचे, इंजिन उघडलंन की कळेल त्याला. आणि कळलं की येईल तो."

वैनी, मला कळलेलं होतं. तरी मी आलो नाही. तुमची माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.

आता शेवटचं. सभा संपली की सगळ्या गाड्या एकदम चालू करून मिनिटभर रेस करायच्या, मेस्त्रींना मानवंदना म्हणून, असं ठरलंय. माझी सगळ्यात मोठ्याने वाजते, म्हणून सुरुवात मी करायची. मी करणार नाही. तुम्हीही करू नका. मघाशी आलात तेव्हा त्या पाटीसमोरून एकूण एक जण चालू गाडी घेऊन आत आलात. मेस्त्री नाहीत, मग कोण विचारतंय?

तेव्हा चाव्या खिशात ठेवा. इथून फाटकापर्यंत प्रत्येकाने आपली गाडी ढकलत न्यायची. कोणी बोलायचं नाही, हॉर्न नाही, फोन नाही. शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत गप्प राहायचं. त्यांनी आपल्याकडे एवढीच शांतता मागितली होती.

आणि मेस्त्री, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

हो. चढलो होतो मी घाट.