बयाना माह्या हातात

(पांढुर्ण्याच्या विमलबाई चक्कीवाल्यांनी दळण सुरू असताना, मधूनमधून थांबत सांगितलेलं. शब्द त्यांचेच.)

मी मूळची बोरगावची, सौंसरपाशी आहे ना ते बोरगाव, अन् लग्न होऊन आली पांढुर्ण्याले, तवापासून ही चक्की. थांबा, हे ज्वारीचं उतरवून घेते, मंग बोलते. हं. तं बोरगावले आमचा संत्र्याचा बगीचा, लय मोठा नाही, पन विहिरीजवळची झाडं अशी लदबदून जात का फांद्याईले टेकू लावा लागे. माहे बाबा बगीचा उक्ता इकत, म्हंजे फळ झाडावरच असते, कच्चं, अन् व्यापारी येऊन नजरेनं पाहून भाव लावते. भाव जमला का व्यापारी एक नारळ अन् एक रुपया बाबाच्या हातात ठेवे. तो बयाना. बयाना हातात पडला का सौदा पक्का, कागद नाही, सही नाही. मंग गारपीट होवो का भाव चढो, नफा-नुकसान सारं घेनाऱ्याचं. मालकाचं काम एकच, जबान पाळायची. अन् हो, व्यापारी एक झाड सोडून दे, घरच्यांसाठी, त्याले घरचं झाड म्हनत, ते कोनतं ते मालकानं सांगायचं.

काय सांगू तुम्हाला, मले त्या सौद्याचा लय नाद. व्यापारी आला का मी दाराच्या आडून पाहो, बाबा म्हनत, विमल, चहा ठेव. बस्, माहं काम तेवढंच. एका साली बाबाले ताप आला, उठता येईना, अन् व्यापारी दारात उभा. मंग मीच गेली त्याले घेऊन, सारा बगीचा फिरवला, कोनत्या झाडाले फळ किती, कोनतं झाड पाठीमागून भरलं आहे, समोरून दिसत नाही, सारं दाखवलं, अन् भावासाठी अशी अडून बसली का तो म्हने, पोरगी आहे का दलाल! भाव मी म्हनलं तोच झाला. पन बयाना द्यायची बारी आली तं तो इकडे तिकडे पाहाले लागला, म्हने घरात कोनी मानूस नाही का. माहा लहान भाऊ सुरेश, तवा नाकाले शेंबूड, अंगनात गोट्या खेळून राहिला होता. त्याले बलावलं अन् त्याच्या हातात ठेवला रुपया. मी बाजूले उभी. मले एवढा राग आला का त्या दिवशी मी चहात साखरच टाकली नाही.

आता तुम्ही म्हनान, शेअरचं सांगा म्हटलं तं ही संत्र्याचं घेऊन बसली. सांगते ना. एकातून एक निघते ते.

माहा पोरगा निलेश, मोबाइलच्या दुकानात कामाले आहे, त्यानं माह्या नावानं शेअरचं खातं काढलं. चक्कीचे उरलेले पैसे त्यात टाकत जा म्हने. मी म्हनलं, टाकीन, पन कंपनी काय करते ते मले समजलं पायजे. तं त्यानं एक कंपनी दाखवली. मोबाइलवर दुकानं असतात ना, साड्या, चपला, बांगड्या, ती दुकानं उभी करून देते ती कंपनी. म्हनलं, म्हंजे साड्या तिच्या? नाही म्हने. चपला तिच्या? नाही म्हने, माल दुकानदाराचा, कंपनी फक्त दुकान चालवायची मशीन देते अन् त्याचा दाम घेते. अगं बाई! म्हनलं, ही तं चक्कीच झाली! गहू तुमचा, पीठ तुमचं, मी आपली दळाई घेते. अशा धंद्यात माल सडत नाही. घे म्हनलं, हीच घे.

तिच्या चित्रात एक थैली आहे, म्हनून आमी तिले थैलीच म्हनतो, इंग्रजी नाव कोनाच्या तोंडात बसत नाही. मी घेतली, मंग सावरगावचे डोंगरे गुरुजी आहेत, रिटायर झाले, ते नदी ओलांडून दळन घेऊन येतात, त्याईनं घेतली, अन् बोरगावले सुरेशले मी फोनवर सांगितलं तं तो म्हने, बाई, मले समजत नाही, पन तू मले रोज भाव सांगत जा. बस्, रोज दुपारी त्याचा फोन. बाई, थैली कुठं आहे? मी पिठाच्या हातानं मोबाइल पुसून सांगो, चढून राहिली रे, चढून राहिली! चक्कीवर बाया दळनाले थांबल्या का त्याही इचारत. हिरवं दिसलं का चक्कीचा पट्टाही जोरात फिरते असं वाटे मले, अन् लाल दिसलं का गुरुजी डबा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभे राहात. असा आनंद मले लग्नातही नव्हता झाला, खरं सांगते.

मले त्यातून एकच गोष्ट पायजे होती, मिरची-हळदीची वेगळी मशीन. पिठाच्या दगडावर मिरची दळता येत नाही, सारं पीठ तिखट होते, म्हनून बाया मिरची घेऊन दुसऱ्या चक्कीवर जातात अन् जाता जाता गहूही तिकडेच देतात. थैली वाढली का मशीन घ्यायची, असं मी मनात धरून ठेवलं होतं.

अन् थैली पडाले लागली. उन्हाळाभर पडली. पाऊसपानी आलं तरी पडतच राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दिवशी, आमचं पांढुर्णं अन् सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात ना, सारं गाव जाम नदीवर, चक्की बंद, अन् मी घरात मोबाइल घेऊन बसली. भाव एवढा खाली गेला का माह्या डोळ्याले पानी आलं. सुरेश पोळ्यासाठी आलता, गोटमारीत तो कधी जात नाही, त्याले रगत पाहावत नाही. म्हने, बाई, काहून रडून राहिली? म्हनलं, मशीन गेली रे माही. तो जवळ येऊन बसला, मोबाइलवरचा भाव पाहिला. मंग म्हने, तुह्या थैलीचा बगीचा मले उक्ता देतं का? आजच्या भावावर थोडा चढ देतो, भाऊबीजेले पैसे मोजतो. मी म्हनलं, अजून पडली तं? म्हने, पडली तं माही, चढली तं माही. सौदा म्हंजे सौदा.

मी हो म्हनलं. तसा तो उठला, देवापुढचा नारळ उचलला, खिशातून रुपया काढला अन् माह्या हातात ठेवला. माह्या हातात! आजूबाजूले निलेश होता, त्याच्या हातात नाही ठेवला. मी तो रुपया मुठीत धरून एवढी हसली का निलेश म्हने, आई, भाव पडला अन् तू हसून काय राहिली? त्याले काय सांगू. तो रुपया मी चक्कीवर गनपतीच्या फोटोमागं ठेवला.

मंग दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा निकाल आला, तिनं किती कमावलं त्याचा. सकाळी बाजार उघडला अन् गुरुजी धावत आले, धोतर सावरत, या वयात, बाई, थैली पाहा, थैली पाहा! मी पाहिलं तं हिरवंगार. पुन्हा पाहिलं, अजून वर. दळन वाहून चाललं तरी माहं ध्यान नाही, पीठ सारं जमिनीवर. गुरुजीईनं बायाईले पेढे आनले, एक म्हातारी इचारते, कोनाले पोरगा झाला? गुरुजी म्हने, थैलीले! असा हासा पिकला का चक्कीचा आवाज ऐकू येईना. अन् दुसऱ्या दिवशी अजून वर. मशीन सोडा, मशीन ठेवाले नवी खोली झाली असती एवढं वर.

अन् तवा माही नजर गनपतीच्या फोटोवर गेली.

निलेश म्हने, आई, शेअर तुह्या नावावर आहेत, कागद नाही काही नाही, मोबाइलले बयाना समजत नाही. गुरुजी म्हने, बाई, शेअर म्हंजे संत्रा नव्हे, असा सौदा कोनी करते का? निलेश तं म्हने, बयाना दुप्पट करून वापस देला का सौदा मोडते ना? मंग मामाले दोन रुपये देऊन टाक! अन् हसला. मीही हसली. पन मन म्हने, दोन रुपयांतच आहे सारं. मशीन डोळ्यासमोर दिसे, लाल रंगाची.

पन मले खरं तरास कायचा झाला सांगू? सुरेशचा फोन आला नाही. रोज दुपारी इचारनारा मानूस, निकाल लागला त्या दिवसापासून गप. त्याले मालूम नसन असं होत नाही, सौंसरच्या पोराईच्या मोबाइलवर साऱ्याईले दिसते. मंग समजलं मले. त्यानं फोन केला तं ते मागितल्यासारखं झालं असतं. तो माह्या जबानीची वाट पाहून राहिला होता. अन् मी म्हनलं, विमल, जलमभर तुले वाटलं का बयाना आपल्या हातात पडावा, आता पडला तं हात मागं घेतं? त्या व्यापाऱ्याचंच खरं होईन मंग, का घरात मानूस पायजे.

लावला फोन. नमस्कार नाही, खुशाली नाही, बाबा म्हनत तसंच म्हनलं, माल तयार आहे, कधी उचलता?   तो म्हने, भाऊबीजेले उचलतो बाई. 

भाऊबीजेले मी अन् निलेश बसनं बोरगावले गेलो. खरं सांगते, रस्ताभर एक वाटे का तो म्हनन, जाऊ दे बाई, सोडला सौदा, ठेव तुह्या थैल्या. बहिनीले भाऊ असं म्हनतेच ना. ओवाळनं झालं, अन् सुरेशनं मले अंगनात खाटीवर बसवलं, बाबा बसत तिथं, अन् ठरल्या भावाचे पैसे मोजून माह्या हातात देले. सोडलं नाही काही. निलेशनं मामाच्या नावानंही खातं काढून ठेवलं होतं, तं मोबाइलवर दाबून शेअर तिकडे पाठवाचं सुरू केलं. वहिनी आतून म्हनते, अवो, बाईंची जरा तरी लाज ठेवा! तं तो म्हने, लाजच ठेवून राहिलो. सोडला असता तं मी तिले नुसतं बहिनीवानी धरलं असतं, मालकावानी नाही, हा सौदा आहे.

मले एवढा अभिमान वाटला का काय सांगू, अन् जरासं दुखलंही, नाही म्हनत नाही, मशीन जाऊन राहिली होती डोळ्यासमोरून. मंग तो म्हने, थांब निलेश, सारे नको पाठवू. बाई, घरचं झाड कोनतं ते सांग. मी तं इसरलीच होती! दहा-पाच शेअर माह्या नावावर ठेवले त्यानं, घरचं झाड म्हनून. अन् मंग हळूच म्हने, बाई, बाबाले ताप आलता तवाचा तो रुपया तुहा होता. मी त्याच्या गोड गोळ्या खाल्ल्या दुकानातून, अन् बाबाचा मारही खाल्ला. एवढ्या वर्षाचा राहिलता माह्याकडे.

मी रडली का हसली, मलेच नाही समजलं. पन मी काही फक्त घ्यायले गेली नव्हती, हं. पिशवीत नारळ होता माह्या, अन् एक रुपया, तोच नाही, तो वापस देला तं सौदा मोडल्यासारखं होते, दुसरा, नवा. म्हनलं, सुरेश, उठ, बगीचा दाखव. विहिरीजवळच्या झाडाईच्या दोन वळी, मृगाच्या पान्यावर धरलेलं फळ, तवा लिंबाएवढं होतं. मी एकेक झाड पाठीमागून पाहिलं. तो भाव सांगे, मी पाडो, वहिनी हसून हसून खाली बसली. जमलं शेवटी. अन् मी नारळ अन् रुपया त्याच्या हातात ठेवला, म्हनलं, गार पडली तं माही, भाव चढला तं माहा. अन् घरचं झाड तू सांग.

आता फळ झाडावर आहे, रंग चढून राहिला. मशीन? येईन तिचीही बारी. पाह्यटे थंडी वाढली का मी सुरेशले फोन करते, ढग आहेत का रे, अन् दुपारी तो मले करते, बाई, थैली कुठं आहे? सध्या पुन्हा जरा उतरली आहे, तं मीच त्याले धीर देते. रुपया तिथंच आहे, गनपतीमागं, पाहा वाटल्यास. अन् तुमच्या घरी पोरी असतीन ना, त्याईले बगीचा फिरू द्या बाप्पा, चहा काय, कोनीही ठेवते. घ्या, दळन झालं तुमचं, गरम आहे, झाकन लगेच लावू नोका.