मुकी घंटा

जग जळून गेल्यावर शहरात पाण्याचा एकच नळ उरला होता. चेटकीण जवळ आली की शिकाऱ्याच्या कमरेची घंटा आपोआप वाजायची, आणि मग त्या बाईला जिवंत सोडत नसत. म्हातारा न्हावी दोन डबे घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या मागे एक बाई आणि तिच्या मागे एक शिकारी कुजबुजत होते.

"घंटेची दातखिळी बसली वाटतं?"

"आत रुमाल कोंबलाय. गप उभी राहा."

"शूर शिकारी म्हणे! माझ्या आईला पकडताना नव्हता कोंबलास."

"आणि तू माझं घर पेटवलंस ते?"

"घर कसलं, खुराडं होतं. वाजू दे की घंटा. बक्षिसात नवे बूट घे, हे बघवत नाहीत."

"तूच शिवलेत."

"म्हणूनच सांगतेय."

"हसू नकोस, घंटा हलते."

"घंटा नाही, तू लटपटतोयस, भित्र्या. आणि रुमाल कुणाचा?"

"तुझाच."

"चोरा! घरभर शोधला मी तो!"

ती हसली. रुमाल निसटून खाली पडला आणि घंटा खणकन वाजली. शिकाऱ्याने ती मुठीत दाबून धरली. नळावरच्या पहारेकऱ्याने बंदूक उचलली. त्याच क्षणी न्हाव्याच्या हातातला एक डबा फरशीवर आदळला आणि खणखणत गडगडत गेला.

"ए वेंधळ्या! तुझा डबा होता होय? बायको गेली तरी दोन दोन कशाला आणतोस?"

"तिचा आहे, साहेब. रिकामा आहे, वाजणारच."