फळ्यावरचे एकवीस सेकंद

(धुळ्याबाहेरचा वापरात नसलेला सरळ रस्ता. शर्यतीच्या फळ्यापाशी तिघे: पंच रतिलालनाना, गॅरेजवाला नवल आणि जळगावच्या मेहरूणचा शिंपी इसाक.)

नवल : इसाकपुढचे ते एकवीस पुसा, नाना. एकोणीस लिहा.

नाना : ज्यानं त्यानं आपला टाइम सांगाना, मी लिखस. फळा मना शे.

नवल : आणि तो खोटा सांगत असेल तर? माझी गाडी चौदा सेकंदांची, म्हणून त्याची जुनी आठशे सीसीची गाडी माझ्याआधी सात सेकंद सुटणार. एकोणीसची गाडी एकवीसची सांगितली, की दोन सेकंद फुकटात.

इसाक : नवलभाऊ, एकवीसच्या आत रेषा ओलांडली तर मीच बाद. मग खोटं सांगून मला काय मिळणार?

नवल : बाद कशाला होशील? रेषेजवळ ब्रेक दाबशील. सकाळी दाबलास, मी पाहिलं.

इसाक : कुत्रं आडवं आलं होतं.

नवल : बरोबर रेषेवरच आलं.

इसाक : ते एकदा आलं. ती फेरी सोडून आणखी तीन झाल्या.

नाना : तिन्ही एकवीसन्याच शेतस. मी सोता मोज्यात.

नवल : तेच म्हणतोय मी. तीनदा एकवीस! इतकं मापून कापड बेततात, गाडी नाही चालवत.

इसाक : माझा पाय पूर्ण खाली होता. नाना, मला चोर ठरवून घरी पाठवू नका. उद्या दुकानात येणारा माणूस माझ्या टेपकडेही संशयानं बघेल.

नाना : नवल, एकोणीस तुले कसं ठाऊक?

नवल : मला नाही तर कुणाला? दिवाळीनंतर त्याचं इंजिन मीच खोललं. पिस्टन, रिंगा, सगळं नवं टाकलं. नवं इंजिन एकवीस घेईलच कशाला?

नाना : मंग सोपं शे. शंका उनी का बठ्ठा लोकेसना समोर इंजिन खोलानं, असा नियमच शे. रिंगा नव्या निंघन्यात तर इसाकनं नाव पुसस, कायमचं.

इसाक : खोला. ही घ्या किल्ली.

नाना : अन जुन्या निंघन्यात तर...

नवल : राहू द्या, नाना. खोलायचं कशाला.

नाना : आत्तेच तर पुसाले सांगत व्हता.

नवल : शर्यतीला उशीर होईल. असू द्या एकवीस.

इसाक : शर्यत चारला आहे, नवलभाऊ. आत्ता साडेअकरा झालेत.

नवल : माझी शंका मी मागे घेतो म्हटलं ना.

इसाक : म्हणजे रिंगा जुन्याच आहेत.

नवल : तेव्हा मिळत नव्हत्या रे. घालणार होतो नंतर. सगळ्यांना नव्या नव्या सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं.

नाना : म्हंजे एकवीस खरं शे.

इसाक : खरं आहे, नाना. राहू द्या फळ्यावर. गाडी ओढत नाही म्हणून दोनदा गॅरेजवर गेलो होतो. नवलभाऊ म्हणाले, गाडी ठणठणीत आहे, तुलाच गिअर टाकता येत नाही. तेव्हापासून रोज पहाटे मेहरूणच्या तलावाकाठी गिअर टाकायला शिकतोय मी.