पेपर कुणाच्या बाजूचा?

"हॅलो?… विनया? अगं, केव्हापासून लावतेय… हो, मीच, रत्नप्रभा. जयपूरहून. ताईचा आवाजही ओळखेनाशी झालीस का आता?"

रत्नप्रभाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. धाकटी बहीण रागावलेली असणार, हे धरूनच तिने सांगलीला फोन लावला होता. विनयाच्या नणंदेचा मुलगा अनिमेष, जयपुरातल्या सगळ्यांत मोठ्या हिंदी पेपरात उपसंपादक. रविवारी तो अजमेरहून आलेल्या आई-वडिलांबरोबर रत्नप्रभाच्या मुरलीपुऱ्यातल्या घरी तिच्या मुलीला, भार्गवीला, पाहायला आला काय, आणि अर्धा चहा टाकून सगळे उठून गेले काय.

"हो, हो… तुझ्या वन्संनी तुला सुनावलं असेल, माहितेय मला… अगं, ऐक ना! मी यांना बजावलं होतं, राजकारणाचा 'र' काढायचा नाही. निवडणूक तोंडावर, आणि विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून यांचं पेपर एके पेपर… नाही गं, विषय वन्संच्या यजमानांनीच काढला. 'आमच्या अनिमेषचा पेपर अगदी निःपक्षपाती,' म्हणाले. झालं! हे आतून अंकच घेऊन आले. एका पक्षाची सभा पहिल्या पानावर, भल्यामोठ्या फोटोसकट. दुसऱ्या पक्षाची कुठे, तर आत, बाजारभावाशेजारी… खरंच होतं गं ते, पण ती वेळ होती का?"

समोरच्या खुर्चीत तिचे यजमान प्रभाकर खाली मान घालून बसले होते. स्वयंपाकघरात भार्गवीने नळ उगाचच सोडून ठेवला होता.

"तो? तो ते पान बघत बसला. मग यांनी विचारलं, 'कुणाचं मीठ खाता हो तुम्ही?'… हो, असंच. सगळ्यांसमोर. वन्संनी वड्यांची ताटली तशीच खाली ठेवली… भार्गवी? अगं, गच्चीवर दोघं बोलत होती तेव्हा हिचं हसू खालपर्यंत ऐकू येत होतं. आता बापाशी अबोला. 'बाबा, मतलब, तुम्हाला माझ्यापेक्षा…' एवढंच म्हणाली. पुढचं मराठी सुचेना की रडू आलं, कोण जाणे… थांब. ठेवू नकोस. यांना बोलायचंय."

प्रभाकरांनी रिसीव्हर घेतला, घसा खाकरला.

"विनया, माझं चुकलं. घरी आलेल्या पोराला असं बोलायला नको होतं. मी स्वतः अजमेरला जाऊन त्यांची माफी मागतो… हो… हो. आता पेपर एकतर्फी आहे हे काही मी मागे घेत नाही, पण…"

रत्नप्रभाने रिसीव्हर हिसकावून घेतला.

"सोड त्यांचं. तू वन्संना एवढंच विचार… काय? त्यांचा राग गेला? मग नाही कोण म्हणतंय?… अनिमेष?"

ती हळूच स्टुलावर टेकली.

"पुन्हा सांग… 'काकांचं बरोबर होतं, ते पान मीच लावलं होतं'… असं म्हणाला?… अगं, पण म्हणून काय… 'त्या घरात मान वर करून कसा बसू?' अगं, पेपरच बंद करू आम्ही! दुसरा लावू!… हो. हो गं. प्रश्न तो नाही, कळतंय मला… नोकरी बदलणं नाही का जमणार?… हं. धाकट्या भावाचं शिक्षण… हं… इंदूरची मुलगी सांगून आलीय? ठरलंच का?… बरं."

"काय म्हणतोय? चिडलाय फार?" प्रभाकरांनी हळूच विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. माफी मागायला रागावलेलं कुणी उरलंच नव्हतं, हे त्यांना कसं सांगावं ते तिला कळेना.

नळ बंद झाला होता. भार्गवी दारात उभी होती.

"विनया, ही इथेच आहे… तूच सांग. मला नाही जमायचं."

भार्गवीने रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो, मावशी?… हो… हो…" ती बराच वेळ ऐकत राहिली. "असं म्हणाला तो? स्वतःहून?… मग त्याला सांग ना, मतलब… असं खरं बोलणारा…"

तिने वडिलांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. यांच्यासमोर अनिमेषला आयुष्यभर मान खाली घालून बसावं लागलं असतं.

"नको, मावशी. काही नको सांगूस. ठेवते."