नळी धरायला कोण

(लातूर. जिल्हा नवा झालाय, पाऊस मात्र यंदाही चुकलाय. रामकिशनच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुका दुरुस्त करणारे बसलिंगप्पा आणि त्यांची बायको गुरम्मा शिकंजा, म्हणजे काम करताना नळी आवळून धरायचा लोखंडी व्हाइस, घ्यायला आलेत.)

रामकिशन : अप्पा, हा चौथा शिकंजा. ह्याच्यात आता काय खोट निघाली?

बसलिंगप्पा : दात बग की ह्याचे! शिकंजा हाय का सुसर? बंदुकीची नळी ह्याच्यात आवळली की चावा बसतोय. नळीला एकदा पोचा पडला, की बार गिऱ्हाइकाच्या तोंडापाशी फुटतोय. मग कुनाला धरतील? मलाच.

रामकिशन : ते दात हातपंपाच्या पाइपासाठी असतात. सध्या तोच माल चालतो. जिकडं तिकडं बोअर पाडून राहिलेत लोक.

बसलिंगप्पा : म्हनून मी बंदुकीला हातपंप समजू?

गुरम्मा : अवो, मग मघाचा बिनदाताचा काय वाईट हुता?

बसलिंगप्पा : लटपटतोय त्यो.

गुरम्मा : आन त्याच्या आधीचा?

बसलिंगप्पा : त्यो साखर कारखान्यातला. त्याच्यात बंदूक न्हाई, रेडा धरावा.

रामकिशन : डोकं उठलं माझं, अप्पा! इतकी वर्षं नळी कशात धरत होता तुम्ही?

गुरम्मा : सांगा की.

बसलिंगप्पा : घरच्या घरी भागत हुतं.

गुरम्मा : शिकंजा मीच हुते, भाऊ. गोनपाटात गुंडाळलेली नळी गुडघ्यात दाबायची, वरून दोन्ही हात. हे कानस मारनार आन वरडनार, “हलू नको!” लगीन होऊन आले त्या सालापासनं.

रामकिशन : मग आताच लोखंडाचा काहून लागला?

बसलिंगप्पा : जिल्हा झाला न्हवं का! आधी कचेरी उस्मानाबादेला, तिकडनं साहेब कधी फिरकला न्हाई. आता कचेरी हाकेवर. परवा नवा साहेब लायसन तपासाया आला, म्हनला, शिकंजा न्हाई तर हे दुकान कसलं? सोमवारी परत येतोय. न्हाई दिसला तर लायसन बंद.

गुरम्मा : साहेबाचं राहू द्या. काल गल्लीत टँकर आला, भाऊ. भोंगा ऐकू येतोय, घागरी वाजून राहिल्यात, आन मी नळी धरून बसलेली. हे म्हनले, हलू नको. हलले न्हाई. टँकर गेला. मग लेकरांना शेजारच्या साखराबाईच्या दारात तांब्याभर पानी मागाया धाडलं. लई लाज वाटली मला.

बसलिंगप्पा : अगं, पन तेवढ्यात नळीला पोचा पडला असता...

गुरम्मा : पडू द्यायचा हुता!

रामकिशन : अप्पा, हात जोडतो. कोणता तरी एक घ्या.

बसलिंगप्पा : कसा घेऊ? कानस जरा जास्त लागली, की ही हात सैल सोडती. मला कळायच्या आधी हिला कळतंय. आजवर एका नळीला वरखडा न्हाई. लोखंडाला हे कोन शिकवनार?

गुरम्मा : हे आज बोलताव? दुकानात हुबं राहून?

बसलिंगप्पा : घरी कवा बोलू? घरी काम असतंय.

गुरम्मा : सरका तिकडं. भाऊ, त्यो बिनदाताचा आना परत. पाना द्या. हां... बगा, नट ढिला हुता नुसता. आता हलवून दावा.

रामकिशन : नाही हलत, अव्वा.

गुरम्मा : ह्याच्या जबड्याला दोन्हीकडनं जुन्या चपलेचं कातडं लावा. चावनार न्हाई.

बसलिंगप्पा : आन सैल कवा सोडायचं?

गुरम्मा : ते आता तुमी बगा. इतके दिवस मी बगितलं.

रामकिशन : बांधू का मग?

गुरम्मा : बांधा.

बसलिंगप्पा : गुरम्मा, पहिल्या नळीला तरी बसशील का जवळ? धरू नको. नुसती बस.

गुरम्मा : बसन. टँकर आला नसंल तर.