आवळ्यासाठी नागपूर

"हॅलो? … हॅलो, पियुष? मी वर्षाली… अरे बागेतून बोलून राह्यली. … हो, कधीच पोचलो. आपल्या आईच्या मागं फिरून फिरून पाय गळून गेले माहे.

"… नाई, जेवलो नाई. कुठं जेवू? तूच म्हणला होता ना, इंग्रजायच्या काळातला बाग हाय, मोठ्ठा आवळा हाय, त्याच्याखाली आवळीभोजन करून या? … अरे ऐक ना. पाटी हाय, झाड नाई. … पाटी, पाटी. 'आवळा' लिहिलेली. मागं नुसता बुंधा. माळी म्हणे, उन्हाळ्यातल्या वादळात पडला.

"… दुसऱ्या झाडाखाली? सांगतलं ना मी. म्हटलं, हा वडही चांगला जुना हाय, बस याच्याखाली. तं आई म्हणते, कार्तिकात आवळ्याखालीच जेवीन, नाईतं उपाशी राहीन. सकाळपासून चहावर हाय."

रुख्माबाई बाकावर डबा मांडीत घट्ट धरून बसल्या होत्या. दरवर्षी त्या आपल्या गावी, सिंदी मेघेत, शेजारच्या शोभाबाईंच्या आवळ्याखाली जेवत. यंदा पाला अंगणात पडतो म्हणून रुख्माबाईंनी त्याची भिंतीवरून आलेली फांदी तोडायला लावली, आणि दोघींचा अबोला झाला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा थेट नागपूरपर्यंत आला होता.

"पियुष, एक काम कर. फोन घेऊन शोभाकाकूकडं जा. … लाज काऊन वाटते? फांदी तू तोडली का? … जा म्हटलं ना, बॅलन्स कमी हाय. … … हॅलो, काकू? मी वर्षाली. … हो, बरी हाय. काकू, आईले तुमच्या आवळ्याखाली जेवाचं… काय? … तिनंच बोलावं म्हणता?"

वर्षालीने फोन आईच्या कानाला लावला. रुख्माबाईंनी तोंड फिरवलं. फोनही तिकडे फिरला.

"शोभा… मी. … हो, मीच. … नाई जेवली. … तू? … तूही नाई? एवढा वेळ? … काऊन? … माह्यासाठी?"

मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले.

"अवं, मंग सकाळीच भिंतीवरून आवाज काऊन नाई देला मले? … शोभा? … हॅलो?"

बॅलन्स संपला होता. रुख्माबाईंनी फोन लेकीच्या हातात कोंबला आणि डबा उचलला.

"चाल लवकर. शोभा उपाशी हाय."