सुरणाच्या काचऱ्या

काशीराम : वहिनी, पिंडाजवळ नका बसू. मागं सरा. माणूस बघून कावळा बुजतो.

चंपाबाई : सरले. तरी उंबरावरनं हालत नाय तो. दोन तास झाले, भावजी. माझ्या सुहासचा जीव अडकलाय तरी कशात?

काशीराम : त्याच्या पोरीचं, सेजलचं शिक्षण करतो म्हणून सांगितलं. सूनबाईला अंतर देत नाय म्हणून सांगितलं. आता आणखी काय सांगू? आवडीचं सगळं ठेवलंत ना?

चंपाबाई : ठेवलं तर. सुरणाच्या काचऱ्या ठेवल्या. आमसुलाच्या पाण्यात भिजवून, चांगल्या कुरकुरीत तळून. मुंबईला जाताना दर खेपेला डबा भरून न्यायचा. बारा वर्सं. डबा रिकामा यायचा परत.

शर्मिला : आई...

चंपाबाई : काय गो?

शर्मिला : काही नाही.

काशीराम : बोल, शर्मिला. नवऱ्याचा दहावा हाय. आज मनात ठेवू नये.

शर्मिला : त्यांना काचऱ्या आवडायच्या नाहीत. गळा खाजायचा. बिल्डिंगच्या वॉचमनला द्यायचे आणि डबा घासून परत आणायचे. त्यांना बटाट्याचे वेफर्स लागायचे. पाकिटातले, साधे खारे. ड्युटीवरून आले की पाकीट फोडून टीव्हीसमोर बसायचे.

चंपाबाई : मला कधी बोलला नाय.

शर्मिला : तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मलाही शपथ घातली होती.

चंपाबाई : एकदा बोलायचं गो. पोलादपुरात बटाटे काय मिळत नायत? बटाट्याच्या केल्या असत्या. सुरण चिरून माझे हात दोन-दोन दिवस खाजायचे.

शर्मिला : माझ्या पर्समध्ये पाकीट आहे. सकाळी नाक्यावर घेतलं. तुमच्यासमोर काढायला धजले नाही.

चंपाबाई : काढ. माझ्या काचऱ्या उचल आणि ते ठेव तिथं. माझं कौतुक राहू दे, पोर सुटू दे माझा.

काशीराम : उचलू नको. शेजारी ठेव.

(अर्धा तास जातो. उंबरावरचा कावळा उडतो आणि नदीपल्याड निघून जातो.)

शर्मिला : काका, तो गेला.

काशीराम : गेला. ऊन डोक्यावर आलं, भटजी पण खोळंबलेत. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. चालतं तसं.

शर्मिला : मला वाटलं, मला तरी माहीत आहे. दहा वर्षं शेजारी बसून तेच वेफर्स खाल्ले मी. माझ्यापासूनही काही लपवलं असेल का हो, आई?

चंपाबाई : लपवलान असंल. आईला वाईट वाटंल म्हणून आईपासनं, बायकोला वाईट वाटंल म्हणून तुझ्यापासनं. बारकेपणापासनं तसाच तो, गप गिळणारा. छातीत दुखतं ते तरी कुठं सांगितलान तुला?

शर्मिला : ॲसिडिटी आहे म्हणाले.

काशीराम : शिवला दर्भाचा. हात जोडा दोघी. चला आता, आणि मागं वळून बघू नका.

शर्मिला : आई, तुमच्या पिशवीतल्या डब्यात काचऱ्या उरल्यात?

चंपाबाई : हायत. कशाला?

शर्मिला : द्या मला.

चंपाबाई : गळा खाजंल गो तुझा.

शर्मिला : खाजू दे.